चिठ्ठ्या कोणी काढू नयेत

मी, लडकू सदू घारे, वय बहात्तर, मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार भिसेगाव, कर्जत, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. लिहिताना दाराला आतून कडी घातली आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर माझा पुतण्या जितेश याच्या ओळखीचे नाहीत, याची खात्री मी आधीच करून घेतली.

दाखल्याची गरज पडली ती जितेशमुळेच. 'काका पळसदरीच्या शेतात एकटेच कायतरी बडबडतात,' असं तो गावभर सांगत फिरतो. उद्या कोर्टातही सांगेल. म्हणून नमूद करतो की मी शेवग्याच्या झाडाशी बोलत होतो हे खरं आहे, परंतु मी फ्रेंच बोलत होतो. खुलासा कलम दोनमध्ये.

कलम १. मागच्या वर्षी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात भिसेगावचं राहतं घर जितेशच्या नावे लिहिलं होतं. ते मृत्युपत्र रद्द समजावं. त्याची प्रत कुणी दाखवली तर ती कुठून आली हे आधी विचारावं.

कलम २. तसं का लिहिलं आणि का रद्द केलं, ते सांगतो.

माझी नात रिया हिने नववीत फ्रेंच घेतलं. त्यानंतर महिन्याभरात घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटली. कपाट, पंखा, मिक्सर, देवघराचं दार, माझी खुर्चीसुद्धा. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, कारखान्यात नकाशे वाचत आलो. पण त्या चिठ्ठ्यांवर एकही शब्द इंग्रजी नव्हता. माझ्या लोखंडी तिजोरीवर मात्र चिठ्ठी नव्हती. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यात जितेश आला. त्याने घरभर नजर फिरवली. "काका, वाटणी चालू झाली वाटतं. जे ज्याचं, त्याच्यावर नाव लिवलंय. तुमाला वाचता येऊ नये अशा भाषेत."

मी रियाला विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, अभ्यास हाय हो तो. काडू नका हां." चोर कधी चोरी सांगतो का? वर रात्रीच्या जेवणाला ती आणि माझी सून हर्षला त्याच भाषेत बोलायच्या. हर्षलाने पोरीबरोबर स्वतःही शिकायला घेतलं होतं. दोघी अडखळायच्या, हसायच्या आणि मध्येच माझ्याकडे बघायच्या. माझा मुलगा नवीन हा शिफ्टवरून येऊन खाली मान घालून जेवायचा. स्वतःच्या घरात मी परका झालो. मला फार वाईट वाटलं, आणि रागाच्या भरात मी वकिलाकडे गेलो.

त्या मृत्युपत्रावर सही करून झाल्यावर रियाच्या शाळेत गेलो. मालावर शिक्का मारायचा आणि तपासणी मग करायची, असं कारखान्यात मी कधी केलं नव्हतं. जेवतानाचं बोलणं मोबाइलवर चोरून टेप केलं होतं, ते फ्रेंचच्या फराह बुबेरे मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "काका, मुलं शब्द पाठ करतात, मार्क मिळवतात, पण तोंड उघडत नाहीत. म्हणून मीच सांगितलंय, घरात वस्तूंवर नावं लावा आणि जेवताना बोला. यात म्हटलंय, आजोबा कमी जेवले."

"तुमीही त्यांना सामील नसाल कशावरून?"

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः शिका."

मग शिकलो. शाळा सुटल्यावर मॅडम शिकवत. एकेक शब्द दहा वाक्यांत तोंडाने म्हटल्याशिवाय पुढचा शब्द देत नसत. घरी म्हटला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून शेवग्याला सांगत असे. तो मधे बोलत नाही आणि पुढे सांगत नाही.

एकदा जेवताना हर्षला हळूहळू, चुकत म्हणाली, "आजोबा आजही जेवले नाहीत." रियाने तिला सांगितलं, "उद्या त्यांना आवडतं ते कर." त्या पदार्थाला फ्रेंच शब्द सापडेना, म्हणून ती मराठीतच 'वालाचं बिरडं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात बिरडं होतं. मी ते दोनदा वाढून घेतलं.

मग घरात कुणी नसताना मी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. कपाटावर नुसतं 'कपाट', पंख्यावर नुसतं 'पंखा'. मालकाचं नाव सबंध घरात एकाच चिठ्ठीवर आहे. 'आजोबांची खुर्ची.'

कलम ३. सबब भिसेगावचं घर हर्षला व रिया यांना समसमान द्यावं. नवीनला देत नाही, कारण जितेश बोट ठेवील तिथे तो सही करतो. खुर्चीवरची काय, कुठलीच चिठ्ठी कुणी काढू नये.

कलम ४. पळसदरीची जमीन आणि माझी हत्यारं नवीनला. जमीन जितेशला विकू नये. हत्यारांतला दहा नंबरचा पाना कुणी नेला हे मला ठाऊक आहे. त्याने तो गुपचूप पेटीत ठेवावा.

कलम ५. जितेशला माझा जुना चष्मा. दुसऱ्याच्या घरातलं त्याला बरं दिसतं, आता जवळचंही दिसेल.

कलम ६. फराह मॅडमना काही ठेवलेलं नाही. त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिलं की कोर्टात संशय घेतात असं वकील सांगतात. वकिलाचं हे म्हणणं मी दुसऱ्या वकिलाकडून तपासून घेतलं आहे.

कलम ७. मला फ्रेंच येतं हे घरात कुणाला माहीत नाही, आणि मी असेपर्यंत कुणी सांगू नये. कळलं की त्या दोघी माझ्यासमोर जपून बोलतील. माझी पत्नी कै. भागूबाई म्हणायची, "तुमी देव्हाऱ्यालापण कुलूप लावाल." लावलं असतं. पण जेवतानाचं ते बोलणं ऐकायला मिळतं म्हणून मी आता रोज वेळेवर पानावर बसतो.

मी गेल्याची बातमी कळताच मॅडमनी एवढं एक कलम रियाला वाचून दाखवावं. मला न्यायच्या आधी पुष्कळ लोक रडतील. त्यातलं खरं किती, हे मला सांगता येणार नाही. म्हणून रिया, तू माझ्या कानाशी बसून फ्रेंचमध्ये बोल. चुकलीस तरी चालेल, अडलीस तर मराठी शब्द घाल. पाठ केलेलं मात्र बोलू नकोस. मला फरक कळतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व वाचून पाहिला. प्रत्येक पानावर माझी सही आहे. बिनसहीचं पान निघालं तर ते माझं नव्हे.

सही: लडकू सदू घारे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं व माझ्यासमोर सह्या केल्या:

१. फराह शारिक बुबेरे, शिक्षिका, कर्जत
२. इद्रिस हमदान मुकादम, हार्डवेअर दुकानदार, कर्जत. यांच्या दुकानातला एकही नट आजवर खोटा निघालेला नाही.

स्थळ: भिसेगाव, कर्जत, जि. रायगड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५