शतकांची रांग

प्रिय मार्गो,

शाळा कधीच सुटली आहे आणि आवारात फक्त माझी गाडी उरली आहे. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर मी जरा अडखळले की तू विषय बदलतेस, आणि मीही तुला तो बदलू देते. म्हणून कागद घेतला. इथे नेब्रास्कात मे महिना लागला, तरी वारा अजून फेब्रुवारीचाच आहे, अंगाला झोंबतो. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, मका पेरायची घाई नको.

अकरावीची परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. यंदाची मुलं वात्रट आहेत, पण मनाने निर्मळ आहेत. त्यांतल्या ब्रिनला या परीक्षेत चांगले गुण पडले तरच विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळेल. नाहीतर वडिलांच्या गुरांच्या गोठ्यात आणखी एक हात, एवढंच तिचं भविष्य. त्यामुळे यंदाच्या उजळणीचं मला जास्तच ओझं होतं. तुला माझी पद्धत माहीत आहे, तूही या वर्गात बसली आहेस. रोज सकाळी फळ्यावर एक वाक्य मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि मुलांनी चूक पकडायची. व्याकरण त्याशिवाय डोक्यात शिरत नाही. पण खरं सांगते, या हिवाळ्यात काही सकाळी वाक्यात दोन चुका निघायच्या, आणि मी एकच घातलेली असायची. मुलं दोन्ही पकडायची. मी म्हणायचे, "शाबास, दुसरी पकडणं अवघड होतं." वयाचा दोष म्हणून मी ते अंगावरून झटकून टाकत होते.

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यातली उजळणी होती. दरवर्षीसारख्या कागदी थाळ्या गळ्यात अडकवून मुलं वर्गाबाहेर आली. प्रत्येक थाळीवर आपल्या अमेरिकन साहित्यातला एकेक कालखंड. क्रम ठरलेला: ट्रॉफींच्या कपाटाशी सगळ्यांत जुने प्युरिटन, त्यांच्या पुढे स्वच्छंदतावादी, मग वास्तववादी, निसर्गवादी, आणि उपाहारगृहाच्या दाराशी आधुनिक. तीनशे वर्षं एका व्हरांड्यात. प्रत्येकाने आपल्या काळातल्या माणसासारखं उभं राहायचं, बोलायचं. कोण कुठे उभं राहणार हे मी हाताला धरून सांगते, ते मला झोपेतही येतं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

मी त्यांना उभं केलं आणि ती उभी राहिली. कोल्बी कुचेरा तुला आठवत असेल, मिलीचा धाकटा मुलगा. मास्तरांची टोपी उडवायची संधी तो कधी सोडत नाही. तोसुद्धा निमूटपणे मी दाखवलं तिथे गेला. सगळे आपापलं छान बोलले. मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कौतुक करत फिरले. तेवढ्यात इतिहासाचे राइन्की त्यांच्या वर्गातून डोकावले आणि हसून म्हणाले, "अगं वर्ना, आज शतकं उलटी चालवतेस की काय?" त्यावर कोल्बीने पटकन उत्तर दिलं, "आजचा धडाच तसा आहे सर. तुम्ही तुमची युद्धं सांभाळा ना." मुलं हसली, पण एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मार्गो, मी सगळ्या थाळ्या परत एकदा वाचल्या आणि मला काहीच चुकीचं दिसलं नाही. वर्गात जाऊन भिंतीवरचा तक्ता बघावा लागला, तोही बोट ठेवून. मी आधुनिकांना प्युरिटनांच्या शेजारी उभं केलं होतं आणि वास्तववाद्यांना स्वच्छंदतावाद्यांच्या आधी. तीस वर्षं हेच शिकवलं मी.

तास संपल्यावर कोल्बीला थांबवून घेतलं. विचारलं, कधीपासून? आधी त्याने वेड पांघरलं, मग म्हणाला, "फेब्रुवारीपासून, बाई. पण काळजी नका करू, ब्रिन आहे ना. दुपारच्या सुट्टीत ती आम्हाला परत शिकवते, तुमचं जे जे इकडचं तिकडे होतं ते. आम्ही मागे नाही पडलो." सॅंडविच खाता खाता, व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर, माझ्यामागे माझाच वर्ग भरत होता. मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाही रे? तो बुटाकडे बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं. आणि घरी कोण आहे तुमचं?"

मला त्याचा राग आला, मग माझी शरम वाटली, आणि मग फार रडू आलं, पण त्याच्यासमोर नाही. या पोरांनी मला जपलं, आणि जपता जपता ब्रिनच्या डोक्यावर माझं काम टाकलं. ती इतरांना शिकवत बसली, तर स्वतःचा अभ्यास कधी करणार? आज मुख्याध्यापकांना राजीनामा देऊन आले. उद्यापासून उरलेली उजळणी राइन्की घेतील. त्यांना साहित्यातलं ओ का ठो कळत नाही, पण क्रम चुकणार नाहीत.

आता तुझ्याबद्दल. त्या व्हरांड्यात मुलांचे चेहरे बघताना मला नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण आठवलं. बाबा गेलेत हे विसरून मी त्यांच्या जागी ताट मांडलं होतं, आणि तू काही न बोलता त्यात टर्की वाढलीस. नंतर मी मनाची समजूत घातली, की तूच त्यांची आठवण म्हणून वाढलंस. तुझाही चेहरा तेव्हा कोल्बीसारखाच होता गं. चौदा तारखेला लिंकन शहरात स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. तू ये. ते मला आपल्या घरातल्या तारखा विचारतील, नावं विचारतील, आणि मी हसतमुखाने, ठासून उत्तरं देईन. परीक्षा द्यायचं तंत्र मला चांगलं येतं. तू माझ्या शेजारी बस, आणि मी चुकले की माझ्या तोंडावर सांग, तिथल्या तिथे. तू गप्प बसलीस तर मी पास होईन.

तुझीच,
आई