मासळीतज्ज्ञाचा बिल्ला

ती. शुभदाताईस,

चंदूचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठीक (असं डॉक्टर म्हणतो). करंजाड्याचा फ्लॅट हवेशीर आहे. शेजारही चांगला असावा. सगळ्यांची दारं बंद असतात, त्यामुळे खात्री देत नाही.

मीना गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही गं. शेवटी आमच्या चिरंजिवांनी, सुयशने, फोनवर एक नवीन मराठी साईट लावून दिली (आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरला गेला). तिथे कोणीही प्रश्न विचारतो आणि ज्याला वाटेल तो उत्तर देतो. साईट नवी, प्रश्न ढीगभर आणि उत्तरं द्यायला चार टाळकी. मी 'सागरपुत्र' या नावाने सुरू झालो. माहिती असो नसो, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं टिपण्या लिहिल्यामुळे भाषेला वजन आहे ना! शेवटी 'सबब, हरकत नसावी' लिहिलं की लोक पटापट अंगठे द्यायचे. पंधरा दिवसांत मला 'मासळीतज्ज्ञ' असा बिल्ला मिळाला. लहानपणी आई आणि तू बोंबील वाळवायचात आणि मी नुसते कावळे हाकलायचो, हे साईटला कोण सांगणार?

मग कोणीतरी विचारलं, फ्लॅटच्या बाल्कनीत बोंबील वाळतील का? मी दिलं ठोकून: उंच मजला, भरपूर वारा, सबब हरकत नसावी. चौथ्या दिवशी माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर वरून पाणी ठिबकायला लागलं, आणि वास असा की डोकं उठलं. तावातावाने वर गेलो. तिथे कुलदीप म्हणून एक गृहस्थ राहतात. ते म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ. सागरपुत्र म्हणून एक लय जाणकार माणूस हाय, त्यानेच सांगितलंय," आणि माझंच उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवलं. ताई, भांडण राहिलं बाजूला, मला गहिवरून आलं. किती महिन्यांनी माझं बोलणं कुणी मनावर घेतलं होतं!

पण सदरे चारदा धुवावे लागले तेव्हा लाज वाटली. साईटवर खरं लिहून टाकलं की मी जन्मात एक बोंबील वाळवलेला नाही. बिल्ला गेला, ते बरंच झालं. पण तेव्हापासून मला कोणी काही विचारत नाही. दिवसभर फोन हातात घेऊन बसतो आणि फार एकटं वाटतं.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
चंदू

ता. क. – मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

आणखी ता. क. – वरची ओळ खोटी आहे. नात पायलकडून त्या साईटवर खातं उघडून घे आणि मला एखादा प्रश्न विचार. मासळीचा नको. 'जेवलास का' एवढंच विचारलंस तरी चालेल. त्याचं उत्तर मी खरंखरं देईन.