शर्यतीत थांबलेली गाडी

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता वाकते का? (वाकत नसेल तर ताईला सांगून गरम पाण्याने शेकून घ्या.)

ताई माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. तिच्या मोटार-शर्यतीच्या सिनेमातल्या चुका काढून लोक हसतायत, हे तुमच्या कानावर असेलच. नायकाच्या बाह्या, जखमा, गाडीवरचे ओरखडे पुढच्या शॉटमध्ये जसेच्या तसे आहेत ना, हे बघणं तिचं काम. त्यामुळे सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि पुढचा सिनेमा हातचा जायची वेळ आली. नायकाला गाडी येत नाही, म्हणून लांबच्या शॉट्सना त्याचं जाकीट घालून मला बसवा, हे तिनेच सुचवलं होतं. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाला शर्यत काय जड, असं तिला वाटलं.

आता लोकांच्या तक्रारी ऐका. नायक जवळून दिसतो तेव्हा सीटबेल्ट नाही, लांबून दिसला की आहे. (लावणारच!) खलनायक मागे लागलेला असताना तो वळण्याआधी इंडिकेटर देतो. (मागच्याला कळायला नको?) आणि शेवटच्या फेरीत, जीव मुठीत धरून पळताना, झेब्रा क्रॉसिंगवर थांबून एका आजोबांना जाऊ देतो. ते आजोबा सिनेमातले नव्हते, त्यांना खरोखरच पलीकडे जायचं होतं. दिग्दर्शक कर्ण्यातून कोकलत होते, मी त्यांना हातानेच थांबायची खूण केली. तीही सिनेमात आहे. एवढं करून नायक पहिला येतो, हे मात्र मलाही पटलेलं नाही.

मी तिच्या पोटावर पाय दिला, असं ताई सगळ्यांना सांगते. मला तिची फार आठवण येते, भावोजी. माझ्यावर ओरडणारं दुसरं माणूस मला नाही. म्हणून काल निर्मात्यांना भेटून सांगून आलो, की गाडी मी चालवत होतो, तिने मला दहादा बजावलं होतं, तिचा काही दोष नाही. बाकी सगळं ठीक.

तुमचा मेहुणा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. निर्माते म्हणाले, ताई सकाळीच येऊन गेली. भाऊ गाडीत नव्हताच, सगळं माझ्याच नजरचुकीने झालं, उगाच त्याच्या स्कूलचं नाव खराब करू नका, असं सांगून गेली. मी जिन्यातच बसलो थोडा वेळ.

आणखी एक ता. क. सोमवारी त्यांनी दोघांना समोरासमोर बोलावलंय. मी गाडीत होतो की नव्हतो, ते ताईला विचारून त्याआधी कळवा. एकाच आईची मुलं आहोत, निदान खोटं तरी एकच बोलू.