भिंतीपलीकडची दुआ

नागपूर, मार्च १९७६

तीर्थरूप ईश्वरदासमामांस ताराचंदाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि उमरेडची हवा ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (नसतील तर याच क्रमानं कळवावं.) आम्ही सारे मजेत आहोत. तुमची थोरली बहीण तर इतकी मजेत आहे की तेच सांगायला बसलो.

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वैद्याचा काढा झाला, डोक्याला तेल झालं, कशाचाच उपयोग नाही. शेवटी झोप आली ती भिंतीतून! भिंतीपलीकडच्या तुमच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या जुबेदाखाला रोज निजायच्या वेळी ओढणीच्या टोकानं अंथरूण झटकतात, ओंजळीत दुआ पुटपुटून फुंकर घालतात, ती ओंजळ नात नसीमच्या डोक्यापासून पायांपर्यंत फिरवतात आणि मग तिच्याकडून म्हणवून घेतात, "अल्लाहुम्मा बिस्मिका अमूतु व अह्या." नसीमचा आवाज असा खणखणीत की मधली भिंत असून नसल्यासारखी. (भिंत तुम्हीच बांधलीत, म्हणून जास्त लिहीत नाही.)

आईनं एकदा अर्थ विचारला. खाला म्हणाल्या, "अल्ला, तुझ्याच नावानं मी मरते अन् जगते." आई दचकली. "झोपताना मरणाची गोष्ट काहून काढता वं?" त्यावर खाला म्हणाल्या, "मरण त्याच्या हवाली केलं का आपल्याले फक्त झोपायचं काम उरते, बाई." त्या रात्री नसीमची दुआ संपायच्या आत ती घोरू लागली, आणि तेव्हापासून रोजच.

गेल्या आठवड्यात खाला नसीमला घेऊन भाचीच्या लग्नाला कामठीला गेल्या. भिंत गप्प. आई उठून बसली आणि मला म्हणाली, "तारू, तू म्हण." मी रोज ऐकतो खरा, पण भिंतीतून येताना अर्धे शब्द तिकडेच राहतात. पहिल्याच शब्दाला असा अडखळलो की चंद्रकला तोंडात पदर कोंबून हसू लागली. (स्वतःच्या बायकोनं तरी हसू नये.) आई म्हणाली, "राहू दे गा. रेशनच्या लायनीत भांडून राहिल्यासारखं वाटते."

निदान झटकणं तरी होऊ दे, म्हणून आईनं सगळ्यांची अंथरुणं झटकायला घेतली. चंद्रकलेचा भाऊ बाबनराव पाहुणा आला होता. (आखाड्यात त्याला 'पहाड' म्हणतात, असं तोच सांगतो.) तो सतरंजीवर आडवा पडून म्हणाला, "मले काय चावते, मावशी? चावणाराच मरन!" आईनं त्याला उठवून सतरंजी झटकली, तर बोटाएवढा विंचू खाली पडला. पहाड जो उडाला तो थेट कोपऱ्यातल्या हातमागावर, ताणलेल्या सुतात. अर्धं विणलेलं लुगडं गेलं. विंचू कधीच मेला होता, तरी हे गृहस्थ सकाळपर्यंत खाली उतरले नाहीत.

उजाडताच आईनं भाकरी बांधल्या आणि कामठीची बस धरली. मी मागे धावलो. लग्नघरात तिला पाहून खालांनी आधी कपाळाला हात लावला, मग मिठी मारली. आईनं जेवताना भाकर आपलीच खाल्ली, जर्दा मात्र पुन्हा पुन्हा मागून घेतला. (गोड भाताला तिच्या लेखी सगळं माफ आहे.) रात्री बायकांच्या खोलीत नसीमनं दुआ म्हटली आणि आई झोपली. अशी झोपली की तिच्या घोरण्यानं नवरी, नवरीची आई आणि खुद्द खाला जाग्या राहिल्या. सकाळी खाला म्हणाल्या, "बाई, तुमच्यासाठी दुआ हाय, आता आमच्यासाठी कोणती हाय ते मौलवीसाहेबाले विचारून राहिली मी!" आई पोट धरून हसली. बाबांनंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, मामा.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा ताराचंद

ता. क. : जुबेदाखालांनी अक्षयतृतीयेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्या, तिथं सुताचं गोदाम करायचं आहे, हा तुमचा निरोप तुमच्या गड्यानं, धोंडबानं आणला. मी तो पलीकडे दिलेला नाही. गोदामासाठी माझी पुढची खोली घ्या, पण खालांना राहू द्या.

आणखी ता. क. : निरोप आईनं मात्र ऐकला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ईश्वरदासाले लिही, तिथं सूत राहीन, तं मी उमरेडले त्याच्या उशाशी राहीन." वळकटी बांधून झाली आहे. शनिवारची पहिली गाडी धरणार आहे. उत्तर तारेनं पाठवलंत तर बरं.