इद्रीसचे घरचे दिवस

७ मार्च २००३, शुक्रवार

खालच्या मजल्यावरची शहनाझ आली. हातात इद्रीसच्या पगाराचं अमेरिकेहून आलेलं पत्रक. "वहिनी, तुम्ही पुण्यात टॅक्सचं काम करायचात ना? मला यातलं काही कळत नाही." मला तरी कुठे कळतंय — न्यूयॉर्क राज्याचा टॅक्स मी कधी बघितलाय! पण नाही म्हणवेना. नवरा जाऊन चार महिने झाले तिचा. तिकडेच, बफेलोला, साइटवर. हार्ट अटॅक.

९ मार्च

वाचून काढलं. इद्रीस तिथला रहिवासी नव्हता. म्हणजे त्या राज्यात काम केलं तेवढ्याच पगारावर तिथला टॅक्स. गेल्या वर्षी जूनपर्यंत तो इथे दुबईच्या ऑफिसात, मग बफेलोला. कंपनीने मात्र अख्ख्या वर्षाचा पगार न्यूयॉर्कचा दाखवलाय. कामाचे दिवस तिकडचे किती, इकडचे किती, ते काढायचे आणि त्या प्रमाणात पगार वाटायचा. बराच टॅक्स परत मिळेल. तिला गरज आहे — व्हिसा नवऱ्यामुळे होता. या जूनपर्यंत नोकरी मिळाली नाही तर लेकीला, अजराला, घेऊन परत चिपळूणला.

१२ मार्च

दोघी कंपनीत गेलो. माझा नवरा जगन्नाथही याच कंपनीत, म्हणून जरा संकोच वाटला. अकाउंट्समधला अनिल म्हणाला, "मॅडम, सब न्यूयॉर्क में डाल दो ना. आदमी तो चला गया." शहनाझ समोरच बसलेली. त्याच्या लक्षात आलं, मान खाली घातली. इद्रीसच्या दुबईतल्या कामाचं पत्र हवंय म्हटलं. "इन्शाल्ला." म्हणजे बघू.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारभर दोघी कामाचे दिवस मोजत बसलो. इथली सुट्टी शुक्रवारची, तिथली शनिवार-रविवारची — नुसता गोंधळ. रजा, आजारपण, ईद, सगळं वजा.

"वजा करून कुठे धरायचं?" शहनाझने विचारलं.

"कुठेच नाही. फक्त कामाचे दिवस धरतात."

"म्हणजे तो घरी होता ते दिवस कुठेच नाहीत?"

मी पेन खाली ठेवलं. मग तीच बोलायला लागली. एका शुक्रवारी खोरफक्कानला निघाले, अजराला गाडीत उलट्या झाल्या, इद्रीसने शर्ट समुद्रात धुतला आणि ओलाच घालून बसला. एकदा एसी दुरुस्त करायला म्हणून उघडला आणि पार बंद पाडला. मग तिघं संध्याकाळपर्यंत सुपरमार्केटात फिरत राहिले, थंडाव्यासाठी. घेतलं काय, तर एक पाव! चार महिन्यांत पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. अजरा दाराशी येऊन उभी. "ममा, टेल द पार्ट अबाउट द सिक्युरिटी मॅन." तेही सांगितलं. टॅक्सचं रिटर्न तसंच राहिलं.

१५ मार्च

आज कागद उघडले नाहीत. जमलं नाही.

२ एप्रिल

अनिल स्वतः पत्र घेऊन आला. सही, शिक्का, सगळं. दारातूनच शहनाझला म्हणाला, "भाभी, उस दिन गलत बोल गया." ती म्हणाली, "बैठो, चाय पीके जाओ." बसला. दोन कप घेतले.

६ एप्रिल

रिटर्न कुरिअरने गेलं. इद्रीसच्या नावाखाली शहनाझने स्वतःची सही केली. मला वाटलं होतं रडेल. कुरिअरवाला गेल्यावर म्हणाली, "वहिनी, भूक लागलीय."

२० मे

शहनाझला इथल्याच करामा भागात लहान मुलांच्या एका नर्सरीत नोकरी लागली. व्हिसा तेच काढणार. सांदणं करून आणली. न्यूयॉर्कहून अजून काही उत्तर नाही, पण आता तिला तितकी घाई नाही.

जगन्नाथ जेवताना बोलला — इद्रीसचं बफेलोला अर्धवट राहिलेलं काम त्याने पुरं करावं असं कंपनी म्हणते. दीड वर्ष. पगार जवळजवळ दुप्पट. बायकोला नेता येणार नाही.

"तुला काय वाटतं?"

जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "तुझं तू ठरव."

२७ मे

जगन्नाथने नाही म्हणून सांगितलं. कंपनीने आजच त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. महिनाभरात पुण्याला परत — शहनाझ राहणार, आम्ही जाणार. मी चिडेन या भीतीने तो अर्धा तास खाली गाडीतच बसून होता. मी खाली जाऊन त्याला वर घेऊन आले.