कापूस काढायचा

३ जून
न्हाई गं बाई, कमी ऐकू येत न्हाई. जास्तच येतंय. वाटीवर वाटी आदळली तरी कानात दाभण घातल्यासारखं होतं. असं सांगितलं कानाच्या सुमय्या मॅडमला. पोरगी माझ्या लेकापेक्षा, राकेशपेक्षा लहान, पण मावशी मावशी करत दम देते. कानातला कापूस काढायला लावला. म्हणे कापसानंच कान जास्त बिथरलाय. कानामागं लावायची दोन मशीनं दिली. त्यातनं बारीक सूं आवाज येतो, लांबनं पाणी पडल्यासारखा. तो चालू ठेवला की कानाला बाकीच्या आवाजांची हळूहळू सवय होते. हळूहळू इतरांना. मला पंधरा दिवस बास.

सून चैतालीची बाळंतपणाची रजा संपत आली. मग ती हिंजवडीला ऑफिसात. पिल्लूला मीच सांभाळणार. न्हाईतर चैतालीची आई येणार साताऱ्याहून, आणि मी माझ्याच घरात पाहुणी.

५ जून
कुकरनं शिटी मारली. मी कुकरला लाटणं मारलं. झाकणाला पोचा, शिटी वाकडी. आता आवाजच न्हाई. प्रगती.

९ जून, दुपार
वरच्या मजल्यावरच्या केयूरनं ड्रिल चालू केलं. समजवायला गेले. हातात वरवंटा होता, तो आपला असाच. त्याची बेल फुटली, दाराचा टवका उडाला. राकेशनं माफी मागितली. त्याला म्हटलं, मशीनचा गुण बघ, मागच्या महिन्यात असतं तर त्याचं डोकं फुटलं असतं.

१६ जून
मॅडम म्हणते आवाज बारीकच ठेवा, बाहेरचंही ऐकू आलं पाहिजे, न्हाईतर कान शिकणार कसा. मी फुल्ल केला. कांद्याची लागण आम्ही दोन दिवसांची एका दिवसात उरकायचो.

चैतालीनं विचारलं, पिल्लू केव्हाची रडतीय, ऐकू आलं न्हाई का. म्हटलं, बघ, मन किती शांत झालंय. तिनं आत जाऊन आईला फोन लावला. मशीन फुल्ल, तरी विहीणबाईंचा आवाज फोनमधनं माझ्यापर्यंत. म्हटलं, एक मशीन त्यांच्या तोंडाला लावू. चैताली हसली न्हाई. एरवी हसते.

२३ जून
आज ट्रायल. चैताली दुपारभर ऑफिसात. निघताना माझं मशीन तिनंच बारीक केलं. म्हणाली, "आई, ती रडली की तुम्हाला कळलंच पाहिजे." म्हटलं, बिनघोर जा.

आल्यावर विचारलं, हिचा गाल लाल कशानं? म्हटलं डास. आमच्या वारज्यात डास लई.
मी पास.

२४ जून
सकाळी मीच विहीणबाईंना फोन केला. म्हटलं आजच्या आज निघा. त्यांनी विचारलं, का हो, काय झालं? एक टोमणा सुचला न्हाई.

डास नव्हता. पोरगी थांबेना, मी तिला मारलं. ती एकदम गप्प झाली. आणि मला बरं वाटलं.