नितळ टाकी

३ मार्च
आले एकदाची! कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या आवारातच खोली मिळाली. खिडकीखाली सांडपाण्याची टाकी, पाणी जांभळंकाळं. मॅनेजर म्हणाले, हे स्वच्छ केलंत तर नदीकाठचे लोक आम्हाला शिव्या द्यायचे थांबतील. मी म्हटलं, पाण्याचं मी बघते, तोंडांचं तुम्ही बघा. आईला फोनवर कळवलं, खोली बरी आहे, शेजार रंगीत आहे.

६ मार्च
माझी काळी भुकटी आली. चिकणमाती आणि लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांची. पाण्यात घुसळली की रंग तिला चिकटतो. मग लोहचुंबकाने ती रंगासकट ओढून घ्यायची. बादलीभर पाण्यावर करून दाखवलं. काचेसारखं नितळ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त पंपावरचा माणूस, ज्याला सगळे धाकटा म्हणतात, परत परत विचारत राहिला, अख्ख्या टाकीचा तळ दिसेल का?

९ मार्च
आज कारण कळलं. त्याचा थोरला भाऊ इथेच रंगारी होता. गेल्या वर्षी टाकीत पडला. गळ टाकून शोधलं, हाती काही लागलं नाही. काम बंद पडेल म्हणून मालकांनी टाकी उपसू दिली नाही.
“ताई, मला फक्त त्याला घरी न्यायचंय,” धाकटा म्हणाला.
 उद्यापासून टाकीचंच काम.

१२ मार्च
भर दुपारी तळ दिसला. रिकामा. धाकटा काठावर बसून ढसाढसा रडला.
चुंबक वर काढला तर भुकटीची पाच बोटं त्याला धरून होती. खरवडली. पुन्हा बुडवला. पुन्हा बोटं.

१३ मार्च
तळाशी कुणीतरी उभं आहे. मान वर करून बघतंय. फोटोत येत नाही. धाकट्याला दिसतं. तो हसतोय.

१४ मार्च
मॅनेजरांच्या हातापाया पडले, रंगाचं पाणी परत सोडा, झाकून टाका त्याला. सोडलं. पडताक्षणी नितळ. भुकटी तर मी कधीच काढून—

१५ मार्च
धाकटा उतरला. मी सदरा धरला, सुटला. बुडाला नाही तो. जिना उतरावा तसा चालत गेला. मग टाकी उपसली. कोरडी ठणठणीत. कुणीच नाही.

१६ मार्च
टाकी भरलीय. कुणी भरली नाही. तळाशी दोघं. थोरला धाकट्याला बोटाने दाखवतोय— माझी खिडकी.
पडदा ओढून घेतला. त्याचा हिरवा रंग उतरतोय. भिंतीचाही. माझा हात वहीवर ठेवला तर त्याच्यातून खालची अक्षरं—